रशियन उमराव घरात फ्रेंच का बोलायचे?

कोरांटी

मंडळी, एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय म्हणून हा धागा. सध्या टॉलस्टॉयचं 'वॉर अँड पीस' वाचतेय, तिसऱ्यांदा सुरू केलंय, आधी दोन्ही वेळा पन्नास पानांतच सोडलं होतं. पहिलंच वाक्य फ्रेंचमध्ये. १८०५ सालचं पीटर्सबर्ग, आना पाव्लोव्हनाच्या घरी पाहुणे जमलेत, नेपोलियनला सैतान ठरवणं चाललंय आणि तेसुद्धा फ्रेंचमधून! म्हणजे ज्याच्याशी लढायचं त्याच्याच भाषेत त्याला शिव्या.

मला कळत नाही ते हे की फ्रेंचच का. फ्रान्स कुठे, रशिया कुठे, मध्ये जर्मनी आणि पोलंड पसरलेले. पंथ वेगळा, हे ऑर्थोडॉक्स आणि ते कॅथलिक. फ्रान्सने रशियावर कधी राज्य केलं नाही, आपल्याकडे इंग्रजी आली ती इंग्रजांच्या राज्याबरोबर आणि नोकरीसाठी, त्यामुळे तिचं गणित समजतं, पण इथे तर कुणी लादलेलं नाही. शिवाय कॅथरिन राणी जन्माने जर्मन, मग दरबारात जर्मन का नाही चालली? नुसती फॅशन म्हणून एक अख्खा वर्ग शंभर-सव्वाशे वर्षं परकी भाषा बोलत राहतो हे मला पटत नाही. कुणी यावर नीट वाचलं असेल तर सांगा, लांबलचक लिहिलंत तरी चालेल, मी वाचेन.

नेवाकाठ

कोरांटी, पुण्यात रशियन शिकत होते तेव्हा मलाही हाच प्रश्न पडला होता. माझ्याकडच्या रशियन प्रतीत वर फ्रेंच संवाद तसेच्या तसे आणि पानाच्या तळाशी बारीक टायपात त्यांचं रशियन भाषांतर. म्हणजे रशियन वाचकालाही आपल्या सगळ्यात मोठ्या कादंबरीत सारखं खाली बघत बघत पुढे जावं लागतं. १८७३ च्या आवृत्तीत टॉलस्टॉयने ते फ्रेंच काढून रशियन केलं होतं, पुढच्या आवृत्त्यांत ते परत आलं.

आता मूळ प्रश्न. पहिली गोष्ट म्हणजे सुरुवातीला फ्रेंच नव्हतंच. पीटर द ग्रेट १६९७-९८ मध्ये युरोपात गेला तो जहाजं बांधायला शिकायला, म्हणजे हॉलंड आणि इंग्लंडला. त्याच्या काळात उपयोगाच्या भाषा दोन, डच आणि जर्मन. जहाजावरचे कितीतरी रशियन शब्द आजही डचमधून आलेले आहेत. सैन्य, खाणी, कचेऱ्या यांत जर्मन. १७३० च्या दशकातसुद्धा उमरावांच्या मुलांसाठी काढलेल्या लष्करी शाळेत फ्रेंचपेक्षा जर्मन शिकणारी मुलं कितीतरी जास्त होती.

मग पालटलं कुठे? पीटर १७१७ मध्ये पॅरिसला गेला, तिथे सात वर्षांच्या पंधराव्या लुईला त्याने सरळ उचलून कडेवर घेतलं (दरबारी लोक बघतच राहिले असणार) आणि आपली मुलगी एलिझाबेथ या लुईला द्यावी असं त्याच्या मनात होतं. लग्न काही जमलं नाही, पण मुलगी फ्रेंच शिकून वाढली. पुढे आना इव्हानोव्हना या सम्राज्ञीच्या दहा वर्षांत दरबारावर बिरोन आणि इतर जर्मन मंडळींचा पगडा बसला, लोक वैतागले, आणि १७४१ मध्ये एलिझाबेथने पहारेकरी पलटणींना हाताशी धरून गादी घेतली. फ्रान्सचा वकील मार्की द ला शेतार्दी या कटात तिच्या पाठीशी होता. तुम्ही विचारलंत ना जर्मन का नाही, त्याचं अर्धं उत्तर इथे आहे. जर्मन ही नुकत्याच हाकललेल्या कारभाऱ्यांची भाषा होती. शिवाय पीटर्सबर्गच्या रस्त्यावर जर्मन म्हणजे पाववाला, औषधवाला, घड्याळजी. रोज ज्याच्याकडून पाव घ्यायचा त्याची भाषा दिवाणखान्यात रुबाबाची कशी ठरणार?

राहिलं अर्धं उत्तर कॅथरिनचं. ती जर्मन खरी, पण लहानपणी तिला शिकवायला बाबेत कार्देल नावाची फ्रेंच बाई होती, कारण त्या काळी जर्मन राजघराणीच फ्रेंच बोलायची! प्रशियाचा फ्रेडरिक घ्या, जर्मनांचा एवढा मोठा राजा, लिहायचा फ्रेंचमध्ये, आणि त्याच्या दरबारात राहणाऱ्या व्होल्टेअरने पत्रात लिहून ठेवलंय की इथे जर्मन फक्त शिपायांसाठी आणि घोड्यांसाठी आहे. म्हणजे रशियाने फ्रान्सची भाषा घेतली असं म्हणण्यापेक्षा 'युरोपातल्या दरबारांची भाषा' घेतली असं म्हणणं बरोबर. जर्मन राजकन्या रशियात आली आणि येताना फ्रेंच घेऊन आली. व्होल्टेअरशी पत्रव्यवहार फ्रेंचमध्ये, आठवणी फ्रेंचमध्ये, कायदे करणाऱ्या मंडळासाठी १७६७ मध्ये काढलेला 'नाकाझ' हा तिचा मोठा मसुदासुद्धा बराचसा आधी फ्रेंचमध्ये लिहिलेला. दिदेरोची लायब्ररी विकत घेतली, वर ती त्याच्याकडेच राहू दिली आणि त्याला पगार चालू केला. अशी राणी गादीवर ३४ वर्षं बसल्यावर खालचे उमराव काय करणार?

आडवाट

नेवाकाठ यांनी छानच लिहिलंय. एक भर घालतो. पीटरच्याच काळात, १७१७ मध्ये, तरुण उमरावांनी कसं वागावं याचं एक पुस्तक निघालं होतं, नावाचा अर्थ साधारण 'तारुण्याचा प्रामाणिक आरसा'. त्यात नाक कसं शिंकरावं, जेवताना सुरीने दात कोरू नयेत इथपासून सगळं आहे. आणि त्यातच सांगितलंय की तरुणांनी आपसात कायम परकी भाषेत बोलावं, सवय राहते, आणि मुख्य म्हणजे गुपित बोलायचं असेल तर नोकर-दासींना कळत नाही.

हे वाचलं तेव्हा मी थांबलोच. घरात वीस-पंचवीस भूदास (म्हणजे जमीनदाराच्या मालकीची माणसं) वावरतायत, एकही खोली अशी नाही की जिथे कुणी ऐकत नाही, आणि ज्यांच्याबद्दल बोलायचं तीच माणसं ताटात वाढतायत. कुणाला विकायचं, कुणाला सैन्यात धाडायचं हे त्यांच्यासमोर बोलता यायला हवं. परकी भाषा म्हणजे घरातल्या घरात घातलेली भिंत होती. डच असो, जर्मन असो की फ्रेंच, भिंत हवीच होती, पुढे फ्रेंचची बांधली गेली एवढंच.

पाटीपेन्सिल

मी शाळेत इतिहास शिकवते, या विषयावर बरंच वाचून झालंय, तर 'फॅशन' या शब्दाबद्दल बोलते. मला वाटतं खरी किल्ली पीटरच्या १७२२ च्या दर्जांच्या तक्त्यात आहे. त्याने सरकारी नोकरीच्या चौदा पायऱ्या केल्या. सैन्यात सगळ्यात खालच्या चौदाव्या पायरीवर अधिकारी झालात की वंशपरंपरेने उमराव, मुलकी नोकरीत आठव्या पायरीवर पोचलात की उमराव. म्हणजे दार उघडलं. शिपायाचा, कारकुनाचा पोरगासुद्धा हयातभर राबून उमराव होऊ शकत होता. आता जुन्या घराण्यांनी काय करायचं? दाढी सगळ्यांनीच काढली, कोट सगळेच घालायला लागले, पदक सगळ्यांनाच मिळू शकतं, मग 'आपण' आणि 'ते' ओळखायचे कसे?

भाषेवरून. आणि अशी भाषा की जी चाळिसाव्या वर्षी शिकून येत नाही. फ्रेंचचे ते नाकातले उच्चार, तो 'र', तो पाळण्यातच यावा लागतो, त्यासाठी घरात मादाम किंवा मस्यो ठेवावे लागतात, वर्षानुवर्षं पगार, राहणं, जेवण. पदवी कष्टाने मिळत होती, उच्चार मिळत नव्हता. तोंड उघडल्याबरोबर समोरच्याला कळायचं की हा कुठल्या घरात वाढला. म्हणून ती सव्वाशे वर्षं टिकली. नुसती फॅशन असती तर टोपीसारखी दहा वर्षांत बदलली असती, आणि कोरांटी, तुमची शंका त्यामुळेच बरोबर आहे.

मागणी एवढी वाढली की शिकवायला कोणीही यायला लागलं. फ्रान्समधून पळालेले शिपाई, दिवाळं निघालेले दुकानदार, न्हावी, आचारी, सगळे रशियात 'गुरुजी' झाले. एलिझाबेथला १७५७ मध्ये फर्मान काढावं लागलं की परकी शिक्षकांची आधी अकॅडमीत किंवा मॉस्को विद्यापीठात परीक्षा होईल, मगच घरात ठेवा. पुश्किन या कवीच्या 'कॅप्टनची मुलगी' या कादंबरीत असाच एक बोप्रे आहे, स्वदेशात न्हावी, प्रशियात शिपाई आणि रशियात मास्तर. करार मुलाला फ्रेंच, जर्मन आणि सगळी शास्त्रं शिकवण्याचा, पण तोच मुलाकडून रशियन बोलायला शिकत बसतो.

फ्रेंच राज्यक्रांतीनंतर उलट झालं, खरेखुरे फ्रेंच सरदार जीव वाचवून रशियात आले आणि त्यांच्याबरोबर अस्सल दरबारी फ्रेंच आलं. रिशल्यू घराण्याचा ड्यूक तर १८०३ पासून ओडेसाचा कारभार बघत होता. आणि मला अंगावर काटा आणणारी गोष्ट म्हणजे १८११ मध्ये उघडलेल्या त्सार्स्कोये सेलोच्या शाळेत, जिथे झारच्या राजवाड्याशेजारी पुश्किन शिकला, तिथे फ्रेंच शिकवायला जो बूद्री नावाचा म्हातारा होता तो क्रांतिकारक मारा याचा सख्खा भाऊ होता. नाव बदलून राहत होता.

कोरांटी

बापरे, माराचा भाऊ! एवढं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं. पाटीपेन्सिल, तक्त्याचा मुद्दा एकदम डोक्यात बसला.

आता पुढचा प्रश्न. यांना रशियन येत होतं की नाही? आयांशी, नोकरांशी तर रशियनच बोलणार ना? मग लहानपणची भाषा कुठली म्हणायची? आणि बायकांचं काय, कादंबरीत तर बायकाच जास्त फ्रेंच बोलताना दिसतायत.

नेवाकाठ

सरसकट एक उत्तर नाही. लहान गावातल्या गरीब जमीनदाराला दहा-बारा शब्दांपलीकडे फ्रेंच येत नव्हतं, आणि फाटक्या फ्रेंचला तेव्हापासून 'निझ्नी नोव्हगोरोडची फ्रेंच' म्हणायची पद्धत पडली. पण वरच्या घरांत काय होतं त्याचं माझं आवडतं उदाहरण प्रिन्सेस दाश्कोव्हा. चांगल्या फ्रेंचमध्ये वाढलेली, रशियन मोडकंतोडकं. १७५९ मध्ये लग्न होऊन मॉस्कोला सासरी आली तर सासूबाईंना फ्रेंच येत नाही! मग या बाईंनी सासूशी बोलता यावं म्हणून रशियन मन लावून शिकायला घेतलं. तीच दाश्कोव्हा १७८३ मध्ये रशियन अकॅडमीची पहिली अध्यक्ष झाली आणि तिच्या देखरेखीखाली रशियन भाषेचा मोठा कोश निघाला, १७८९ ते ९४ मध्ये सहा खंड. आणि आयुष्याच्या शेवटी आठवणी लिहिल्या त्या पुन्हा फ्रेंचमध्ये. हे सगळं एकाच बाईचं.

बायकांचं म्हणाल तर त्यांना कचेरी नाही, सैन्य नाही, म्हणजे जिथे रशियन लिहावी लागे ती ठिकाणंच नाहीत. त्यांचं लिहिणं म्हणजे पत्रं आणि डायरी, आणि पत्र फ्रेंचमध्येच लिहायचं असा रिवाज. १७६४ मध्ये कॅथरिनने उमरावांच्या मुलींसाठी स्मोल्नी ही शाळा काढली, तिथेही फ्रेंचला पहिला मान. पुश्किनच्या 'ओनेगिन' या काव्यातली तात्याना, खेड्यात वाढलेली, मनाने पक्की रशियन, पण ओनेगिनला प्रेमपत्र लिहिते ते फ्रेंचमध्ये, आणि पुश्किन वाचकाला सांगतो की काय करू, मी ते भाषांतर करून देतोय, तिला स्वतःच्या भाषेत मनातलं मांडायला जड जायचं. तो स्वतः तरी काय वेगळा होता? शाळेत त्याला मुलं 'फ्रेंचमन' म्हणायची. होणाऱ्या बायकोला पत्रं फ्रेंचमध्ये आणि लग्न झाल्यावर त्याच नताल्याला रशियनमध्ये! बाहेरची बाई घरची झाली की भाषा बदलते, हे मला फार बोलकं वाटतं.

आणि तो १८२४ मध्ये मिखाइलोव्स्कोयेला नजरकैदेत असताना भावाला लिहितो की संध्याकाळी गोष्टी ऐकत बसतो आणि माझ्या मेल्या शिक्षणात जे राहून गेलं ते भरून काढतो. गोष्टी सांगणारी कोण, तर त्याची म्हातारी दाई अरीना रोदिओनोव्हना, भूदास म्हणून जन्मलेली. तेव्हा तो २५ वर्षांचा होता. ज्यांच्यापासून लपवायला ती भाषेची भिंत बांधली होती (आडवाट म्हणाले ती), त्यांच्याचपैकी एकीकडे रशियातला सगळ्यात मोठा कवी भाषा शिकायला बसलाय.

आडवाट

वा. नेवाकाठ, हे शेवटचं वाचून खरंच भरून आलं.

भिंतीचं म्हणालात म्हणून १८१२ ची गोष्ट सांगतो. देनिस दाविदोव हा हुसार पलटणीचा अधिकारी आणि कवी, नेपोलियनच्या फौजेवर मागून छापे घालायचा. त्याने लिहून ठेवलंय की आम्ही गावात शिरायला गेलो की शेतकरी वेशी बंद करून, काटे-कुऱ्हाडी घेऊन उभे, गोळ्या झाडायचे. समजूत पटल्यावर तो विचारायचा, अरे आम्हाला फ्रेंच का समजलात? ते त्याच्या जरीच्या डगल्याकडे बोट दाखवायचे, हा त्यांच्या कपड्यांसारखा दिसतो म्हणतात. तो म्हणायचा, पण मी रशियन बोलतोय ना? उत्तर यायचं, त्यांच्याकडेही कसलीही माणसं असतात की! शेवटी त्याने शेतकऱ्याचा अंगरखा घातला, दाढी वाढवली, छातीवर पदकाच्या जागी संत निकोलसची तसबीर टांगली आणि त्यांच्यासारखं बोलायला लागला. मग माणसं जवळ आली.

याच काळात मॉस्कोतल्या काही बैठकांत फ्रेंच शब्द तोंडून गेला की दंड भरायचा, असं टॉलस्टॉयने दाखवलंय. कोरांटी, तुम्ही अजून तिथे पोचला नसाल, तिसऱ्या खंडात येईल. एक प्रिन्स तर रशियन शिकायला मास्तर ठेवतो, कारण रस्त्यात फ्रेंच बोलणं आता धोक्याचं झालंय.

जुनं_बाड

उशिरा येतोय धाग्यावर. सगळ्यांनी सुंदर लिहिलंय, पण एका बाबतीत माझं मत वेगळं आहे आणि ते मांडल्याशिवाय राहवत नाही. वर सगळीकडे फ्रेंच म्हणजे भिंत, कुंपण, आपण विरुद्ध ते असंच आलंय. पण ती भाषा नसती तर आपण ज्याला रशियन साहित्य म्हणतो ते आहे तसं झालंच नसतं.

अठराव्या शतकातली रशियन कशी होती बघा. वर चर्चची स्लाव्होनिक, भारदस्त, स्तोत्रांची. खाली शेतकऱ्याची जिवंत बोली, गाणी, म्हणी, शिव्या. मधली जागा रिकामी. दिवाणखान्यात बसून एखाद्या पुस्तकाबद्दल, मनातल्या बारीक हालचालीबद्दल, राजकारणाबद्दल हलक्या आवाजात बोलायचं तर त्याला तयार शब्दच नव्हते. पुश्किनने स्वतः लिहिलंय की विद्या, राजकारण, तत्त्वज्ञान अजून रशियनमध्ये बोललंच गेलेलं नाही. १८३१ मध्ये चादायेव या विचारवंत मित्राला पत्र लिहिताना तो म्हणतो, मी तुमच्याशी युरोपच्या भाषेत बोलतो, ती मला आपल्या भाषेपेक्षा जवळची आहे. आणि हे कुणी लिहावं? ज्याने 'ओनेगिन' जवळजवळ पुरं करत आणलं होतं त्याने!

मग ही मधली जागा भरली कशी, तर फ्रेंच साच्यात रशियन धातू ओतून. करमझिन हा लेखक आणि त्याच्या बरोबरच्यांनी हे काम केलं. फ्रेंचमध्ये हृदयस्पर्शी या अर्थी 'तुशां' म्हणतात, मूळ अर्थ स्पर्श करणारं, त्यावरून रशियनमध्ये स्पर्श करणे या क्रियापदापासून 'त्रोगातेल्नी' आला. आज कुठल्याही रशियन आजीला तो शब्द परका आहे असं सांगा, विश्वास नाही ठेवणार. शिश्कोव्ह नावाच्या ॲडमिरलने १८०३ मध्ये याविरुद्ध अख्खं पुस्तक लिहिलं, जुनी स्लाव्होनिक मुळं धरा म्हणाला, भांडण वीस वर्षं चाललं, त्यातून दोन्हीकडचं घेऊन पुश्किनची भाषा निघाली. रस्त्यावरचे शब्द तर मोजू नका. ओव्हरकोट म्हणजे पाल्तो, मजला म्हणजे एताझ, सामान बगाझ, फुटपाथ त्रोतुआर, समुद्रकिनारा प्ल्याझ. उमराव गेले, हे राहिले.

आणि विचार? मुराव्योव-अपोस्तोल भाऊ पॅरिसमध्ये वाढले, फ्रेंच शाळेत शिकले. १८०९ मध्ये आई त्यांना घेऊन रशियात परत निघाली. सरहद्दीवर पहिला कझाक शिपाई दिसल्याबरोबर पोरं गाडीतून उड्या मारून त्याला मिठी मारायला धावली. परत येऊन बसल्यावर आई म्हणाली, तुम्हाला एक भयंकर गोष्ट सांगायची आहे जी तुम्हाला माहीत नाही, रशियात तुम्हाला गुलाम दिसतील. तिने हे मुद्दाम तोवर सांगितलं नव्हतं. यातला धाकटा सेर्गेई १८२५ च्या झारविरुद्धच्या डिसेंबर उठावात उतरला आणि १८२६ मध्ये फासावर गेला. ज्या भाषेने त्या घरांना भूदासांपासून तोडलं, तिच्यातच भूदासकी मोडली पाहिजे असं लिहिलेली पुस्तकं होती. दोन्ही एकदम खरं आहे आणि मला त्यातलं एकही सोडायचं नाही.

पाटीपेन्सिल

जुनं_बाड, पटलं. मी कुंपणावर जरा जास्तच जोर दिला. फक्त एवढंच म्हणेन की त्या पुस्तकांपर्यंत पोचायची वाटही फक्त पैसेवाल्या घरांतल्या मुलांनाच होती.

संपलं कसं तेही थोडक्यात: निकोलस पहिला दरबारातल्या रशियन लोकांशी रशियन बोलायला लागला, १८१२ नंतर देशाभिमान वाढलेला होताच, मग तुर्गेनेव्ह, टॉलस्टॉय आले आणि रशियनमध्ये न सांगता येण्यासारखं काही उरलंच नाही. शतकाच्या शेवटी श्रीमंत घरांत इंग्लिश नॅनी आल्या. शेवटचा झार आणि त्याची बायको एकमेकांना पत्रं इंग्रजीत लिहायचे.

नेवाकाठ

भाषांतर करणारी म्हणून अजून एक गोष्ट सांगते, आपल्याला मराठीत ती लगेच कळेल. 'आना करेनिना'त व्रोन्स्की आनाला भेटायला बागेत येतो आणि फ्रेंचमध्ये बोलायला लागतो. टॉलस्टॉय कारण देतो: रशियन 'वी' म्हणजे तुम्ही म्हणावं तर त्या दोघांच्यात ते अशक्य थंड वाटतं, आणि 'ती' म्हणजे तू म्हणावं तर कुणी ऐकलं की संपलं. फ्रेंचमध्ये 'व्हू' म्हटलं की ना थंड ना धोक्याचं. तू आणि तुम्ही यांच्या मधल्या फटीत उभं राहायला त्यांना तिसरी भाषा लागत होती! इंग्रजी भाषांतरात 'यू' शिवाय काही नाही त्यामुळे तिथे टीप द्यावी लागते, मराठीत नुसतं 'तू' आणि 'तुम्ही' लिहिलं की वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो.

त्याच कादंबरीत डॉली मुलीशी फ्रेंचमध्ये बोलते, आणि लेविनला ते ऐकवत नाही. त्याला वाटतं फ्रेंच शिकवायचं आणि मुलांचा खरेपणा घालवायचा. पण डॉलीने हाच विचार वीसदा करून झालेला असतो, आणि खरेपणा थोडा गेला तरी मुलांना हे शिकवायलाच हवं असं तिने ठरवलेलं असतं. लेविन एका दिवसाचा पाहुणा, मुलांना वाढवायचंय तिला.

कोरांटी

सगळ्यांचे मनापासून आभार. आठवडाभर धागा पुन्हा पुन्हा उघडून वाचतेय आणि आता कादंबरीतही प्रत्येक फ्रेंच वाक्यापाशी पेन्सिलने बारीक खूण करतेय, कोण बोलतंय, कुणाशी, खोलीत नोकर आहे का.

काल रात्री पियेर आणि हेलेनच्या लग्नाच्या बोलणीपर्यंत आले. सगळ्यांनी मिळून त्या बिचाऱ्याला तिच्याशेजारी आणून बसवलंय, बाहेर तिचे आईबाप वाट बघतायत, तो गोंधळलाय, तिच्यावर त्याचं प्रेम आहे की नाही त्यालाच माहीत नाही. अशा वेळी काहीतरी बोलायचं असतं एवढं त्याला आठवतं आणि तो म्हणतो, 'ज व्हूझेम', माझं तुमच्यावर प्रेम आहे. फ्रेंचमध्ये. म्हणून झाल्यावर ते शब्द इतके पोकळ वाटतात की त्याला स्वतःचीच लाज वाटते. महिन्यापूर्वी मी हे वाचून पुढे गेले असते. काल तिथे दोन खुणा केल्या.